नोकरी सोडू की दूध तोडू?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असा तपशील काढून टाकलाय)

पत्र लिहिणारी 28 वर्षांची आहे, कोल्हापुरात राहते, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते. पहिलीच मुलगी, आता साडेचार महिन्यांची, पूर्णपणे अंगावर पिणारी. 26 आठवड्यांच्या रजेतले तीन आठवडे बाळंतपणाच्या आधीच गेले, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जॉईन व्हायचं तेव्हा मुलगी सव्वापाच महिन्यांची असेल. सकाळी साडेआठला घर सोडायचं, परत यायला सव्वासहा. बाळ सासूबाई सांभाळणार. त्यांचं म्हणणं असं की आत्तापासूनच वरचं दूध लाव, अंगावरचं हळूहळू तोड, म्हणजे ऐनवेळी पोरीचे हाल होणार नाहीत. फ्रीजमध्ये काढून ठेवलेलं दूध त्यांना शिळं वाटतं. नवरा म्हणतो, तुला जमेल तसं कर. एकदा पंप लावून बघितला तर जेमतेम 20 मिली निघालं. ऑफिसात साठेक माणसं, त्यात बायका पाच, वेगळी बसायला जागा नाही. घराचा हप्ता चालू आहे. ती विचारते, "सरांना हे कुठल्या तोंडाने सांगू? ताई, नोकरी सोडू की दूध तोडू, एवढंच सांगा."

उत्तर

अगं, एवढंच सांगा म्हणालीस, पण तुझा प्रश्नच मला आधी जरा सोडवून बघावासा वाटतोय. नोकरी सोडू की दूध तोडू, या दोनच वाटा आहेत हे तुला कुणी सांगितलं? बहुतेक कुणीच नाही, आपणच धरून चालतो. मी पण धरून चालले होते. माझा मुलगा पाच महिन्यांचा असताना मी कामावर परत गेले, तेव्हा रजाही आतापेक्षा निम्मी होती, त्यातली पुढे बिनपगारी वाढवून घेतलेली. तिसऱ्या दिवशी दुपारी समोर एक बाई बाळाला घेऊन फॉर्म भरायला आली, ते बाळ रडायला लागलं आणि माझ्या ब्लाऊजला दोन्हीकडून धारा. पदर पुढे ओढून रेकॉर्ड रूममध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. त्या आठवड्यात ठरवून टाकलं की आता तोडायचं, कारण दिवसा पाजता येत नाही म्हणजे सगळंच संपलं असं वाटलं. सकाळ-संध्याकाळ-रात्र पाजत राहता आलं असतं, हे मला कळलं तेव्हा पोरगा दुसरीत होता. म्हणून तुला हे जरा लांबण लावून लिहिते.

पहिली गोष्ट, दूध हे नळासारखं चालू-बंद नसतं. जेवढं निघतं तेवढं शरीर बनवतं, आणि दूध बराच वेळ साठून राहिलं की बनायचा वेग मंदावतो. म्हणजे दिवसा नऊ-दहा तास अजिबात काढलंच नाही तर दिवसाचं कमी होत जाईल, पण सकाळी निघायच्या आधी, आल्या आल्या आणि रात्रभर तू पाजत राहिलीस तर त्या वेळचं दूध टिकून राहतं. रात्री तर प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं हार्मोन, जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं सोडू नकोस. तर तुझ्यासमोर वाटा दोन नाहीत, चार-पाच आहेत. पूर्ण अंगावरचं, म्हणजे दिवसाचं काढून ठेवायचं. किंवा दिवसाचं थोडं काढलेलं, थोडं डॉक्टरांना विचारून पावडरचं. किंवा दिवसा पूर्ण पावडरचं आणि बाकी वेळ अंगावर. यातली कुठलीही चालते आणि आज घेतलेली महिन्याभराने बदलता येते.

पण सासूबाई म्हणतात ते वरचं दूध म्हणजे गाईचं-म्हशीचं असेल तर ते मात्र नको. आपल्याकडे म्हशीच्या दुधावर सगळ्यांची श्रद्धा, गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणारी आपली माणसं, त्यामुळे त्यांना त्यात चुकीचं काही वाटत नसणार आणि त्यांची पोरं त्यावरच वाढली असतील. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मुख्य दूध म्हणून ते द्यायचं नाही असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात, त्यात लोह फार कमी असतं आणि एवढ्या लहान मूत्रपिंडाला ते जड जातं. पाणी घालून पातळ केलं तर पोषणही पातळ होतं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या आहारासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पावडर द्यायची वेळ आली तर डॉक्टरांनी सांगितलेली, डब्यावरच्या मापानेच, उकळलेल्या पाण्यात. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून एक चमचा कमी टाकायचा नाही.

आता "आधीच सवय लाव म्हणजे हाल होणार नाहीत" हे. यामागे त्यांची माया आहे हे मला दिसतंय, पण सवय कशाची लावायची? दूध बदलायची गरज नाही, देणारा हात बदलायची सवय लावायची आहे. ती मात्र आत्तापासून लावच, जॉईन व्हायच्या दोन-अडीच आठवडे आधी, दिवसातून एकदा, बाळ फार भुकेलेलं नसताना. तू घरात असलीस तर ती वाटीकडे ढुंकूनही बघणार नाही, तुझा वास येतो तिला, तेव्हा तू सरळ बाहेर जा, कोपऱ्यावरून भाजी घेऊन ये. बाटलीच पाहिजे असं काही नाही. बोंडलं, म्हणजे बाळाला पाजायची चोचीची वाटी, आहे ना घरात? नसलं तर वाटी-चमचा. पाच महिन्यांचं बाळ छोट्या वाटीतून छान पितं, मांडीवर जरा उठतं बसवायचं आणि वाटी ओठाला लावून तिला चाटू द्यायचं, घशात ओतायचं नाही. हे काम सासूबाई आपल्यापेक्षा चांगलं करतील, त्यांचा हात बसलेला असतो. काही पोरी दिवसा जेमतेम पितात आणि आई आली की रात्रभर वसूल करतात, तसं झालं तर घाबरू नकोस. दिवसरात्रीत मिळून सहाच्या आसपास लंगोट चांगले ओले होतायत आणि वजन वाढतंय, मग पोटात जातंय.

शिळ्या दुधाचं म्हणशील तर वाद घालू नकोस, दाखव. रात्री एक छोटी स्टीलची डबी भरून फ्रीजमध्ये ठेव आणि सकाळी त्यांच्यासमोर उघड. वर पिवळसर साईचा थर आलेला असेल आणि खाली निळसर पाणचट दूध. बघणाऱ्याला फाटलं असंच वाटतं, आणि तिथेच बऱ्याच घरात डबी मोरीत रिकामी होते. ती डबी कोमट पाण्याच्या वाटीत ठेव, हलक्या हाताने गोल फिरव, एक होईल. त्यांना थेंबभर चव घेऊन बघू दे. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम नाही करायचं, हे मात्र त्यांना आणि नवऱ्याला दोघांनाही पक्कं सांग. आणि तू उन्हातून आलीस की "पहिली धार काढून टाक, ते तापलेलं दूध आहे" असं कुणीतरी म्हणेलच. अंगातलं दूध नासत नाही, तापत नाही, दिवसभर राहिलं म्हणून शिळं होत नाही. हातपाय धू, घोटभर पाणी पी आणि घे पोरीला.

हिशोबाची तू आहेस तर आकडे सांगते. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर पितं, कुणी कमी कुणी जास्त, म्हणजे तासाला 30 ते 40 मिली. तू नऊ-पावणेदहा तास बाहेर, म्हणजे 300 ते 350 मिली, तीन वेळा मिळून. तुला पहिल्या दिवसाचं एवढं आणि वर एक दिवसाचं जास्तीचं, बस्स. फ्रीझर भरून ठेवलेले फोटो लोक टाकतात ते बघून छाती दडपते, तसलं काही नको. पुढे आज ऑफिसात काढलेलं उद्या घरी, असं चक्र चालतं. आणि तुझे ते 20 मिली! अगं, ते पाजून झाल्यावर काढलेलं होतं ना? मग ते वरकड होतं. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर रोज थोडं काढत जा, 20-20, 30-30 करत तीन आठवड्यांत तुझा साठा होतो. हे दूध मात्र फ्रीझरमध्येच जायला हवं, कारण खालच्या कप्प्यात चारच दिवस टिकतं.

पंपाने कमी निघायचं अजून एक कारण. म्हशीला रेडकू दाखवल्याशिवाय ती पान्हवत नाही हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहितीये, पण बाईला मात्र आपण एका कोपऱ्यात यंत्र देऊन बसवतो आणि धार का लागत नाही विचारतो. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन लागतं आणि ते बाळाच्या वासाने, आवाजाने, आठवणीने सुटतं, धास्तीने अडतं. रात्री तिच्या अंगाखाली असलेलं दुपटं न धुता पिशवीत घालून ने. मोबाईलवर तिचा रडण्याचा नाहीतर खिदळण्याचा व्हिडिओ ठेव. आणि हाताने काढायला शीक, कारण पंपाचा सेल जातो, नळी घरी राहते, हात घरी राहत नाही. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेपासून जरा मागे. आधी छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. ओढायचं नाही, चोळायचं नाही. पहिलं मिनिट-दोन मिनिटं नुसते थेंब येतात आणि बायका तिथेच सोडून देतात, त्यानंतर धार लागते.

साठवायचं असं: 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिन्यांच्या आत वापरलेलं बरं. पण एप्रिलच्या दुपारी शिरोलीतल्या पत्र्याच्या शेडजवळ 25 अंश कुठले आलेत! तिथे बाहेर ठेवूच नकोस. जाड अस्तराची डब्याची पिशवी आणि दोन गोठवलेले आईस पॅक, त्यात 24 तास सुद्धा चालतं, ऑफिसचा फ्रीज नसला तरी अडत नाही. घरी फ्रीजच्या दारात नको, आत मागच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात. डबीला चिकटपट्टी लावून तारीख-वेळ लिही. फ्रीझरमधलं फ्रीजमध्ये वितळवलेलं 24 तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. पिताना उष्टं उरलेलं दोन तासांनंतर टाकायचं, म्हणून एकदम मोठी डबी न भरता 60-60 मिलीच्या भर. लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडून बघत बसायचं नाही, बंद असलं की चारेक तास गारवा राहतो.

खाण्याबद्दल सगळे सांगत असतीलच, हाळीवाची खीर खा, डिंकाचे लाडू खा, शेपू खा. खा, आवडीने खा, तुला ताकद लागणारच आहे. पण दूध वाढतं ते स्तन रिकामा होण्याने, लाडवावर सगळा भार टाकू नकोस. आणि तांबडा रस्सा भुरकलास म्हणून पोरीचं पोट बिघडत नाही.

आता सरांचं. "कुठल्या तोंडाने सांगू" हे वाचून मी जरा थांबले, कारण तू अजून विचारलेलंच नाहीयेस, नकार तूच देऊन मोकळी झालीयेस. तू मेहेरबानी मागत नाहीयेस गं. 1961 चा मातृत्व लाभ कायदा होता, त्याच कायद्यात 2017 ला दुरुस्ती झाली म्हणून रजा 26 आठवड्यांची झाली, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय. त्यातच आहे की बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त रोज दोन वेळा बाळाच्या दुधासाठी वेळ द्यायचा. जिथे 50 किंवा जास्त कर्मचारी तिथे पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. आणि 50 म्हणजे 50 बायका नव्हेत, एकूण माणसं. तुमच्याकडे साठ आहेत. जुन्या कायद्यातल्या या तरतुदी नव्या संहितेत तशाच ठेवल्यात. पाळणाघर उद्याच्या उद्या उभं राहील असं मी म्हणत नाही, पण दोन ब्रेक आणि जेवणाची सुट्टी मिळून तीन वेळा बसता येतं आणि बाळाचीही पिण्याची वेळ तीनदाच आहे, हिशोब बरोबर जुळतो.

कायद्याचं कलम पहिल्याच वाक्यात काढू नकोस, पण डोक्यात असू दे. सरांना लाजेने समोर सांगवत नसेल तर मेसेज कर, लांबलचक नको. असं काहीतरी: "सर, मी अमुक तारखेला जॉईन होतेय. मुलगी लहान असल्याने साधारण 11 वाजता आणि साडेचारला वीस-वीस मिनिटं आणि जेवणाच्या सुट्टीत मला बंद दाराची एक खोली लागेल, जुन्या व्हाउचरची खोली चालेल, एक खुर्ची आणि प्लग पॉइंट पुरे. कामात खंड पडणार नाही असं वेळापत्रक मी लावते." यात माफी नाही आणि तपशील इतका आहे की त्यांना हो म्हणणं सोपं जातं. पुरुषांना बहुतेक वेळा आपण नेमकं काय मागतोय हेच कळत नसतं आणि विचारायची त्यांनाच जास्त लाज वाटत असते. त्या पाच बायकांतल्या एखादीला आधी विश्वासात घे, ती दाराबाहेर असली तरी धीर येतो. बाथरूममध्ये बसून काढ असं कुणी म्हणालं तर नको म्हण, पोरीचं जेवण आहे ते.

त्याच मेसेजनंतर आणखी दोन गोष्टी विचारून बघ असं मला मनापासून वाटतं. एक, तीन-चार आठवडे बिनपगारी रजा वाढवून मिळते का. तेवढ्यात मुलगी सहा महिन्यांची होते, नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात सुरू होतो आणि दिवसाच्या दुधाचा ताण बराच उतरतो. घराचा एक हप्ता जड जाईल, ते नवऱ्याशी बसून बघ. दुसरं, टॅलीचं, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरवरचं काम घरून होतं, तर पहिले दोन महिने आठवड्यातले एक-दोन दिवस घरून करता येईल का. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर आपसात ठरवून घरून काम करायची वाट कायद्यानेही मोकळी ठेवलीय. नाही म्हणाले तर नाही, पण न विचारता राजीनामा नको. नोकरी सोडायची असेल तर तो तुझा हक्क आहे आणि काही जणींना ते खरंच पटतं, फक्त तो निर्णय जॉईन व्हायच्या आधीच्या धास्तीत घेऊ नकोस, दीड-दोन महिने जाऊन बघ. आणि जमलं तर आठवड्याच्या सुट्टीला दोनच दिवस राहिले असताना जॉईन हो, पहिला आठवडा आपोआप छोटा होतो.

नवऱ्याला "तुला जमेल तसं कर" एवढ्यावर सोडू नकोस. रोज रात्री पंपाचे भाग आणि डब्या साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, उकळून, कोरड्या करून पिशवी भरून ठेवणं हे त्याचं काम. हप्त्यात त्याचा जसा वाटा तसा यातही.

तुझ्यासारखीच पत्रं मला दुकानात उभं राहून काम करणाऱ्या, इचलकरंजीच्या मागावरच्या, शिफ्टमधल्या नर्स, एसटीने रोज ये-जा करणाऱ्या बायकांकडून येतात, त्यांना ना खोली ना फ्रीज. त्यांनाही हेच सांगेन की दिवसाचं जमलं नाही म्हणून रात्रीचं सोडू नका. पाळणाघर बघताना घराजवळचं न बघता कामाजवळचं बघा, जेवणाच्या सुट्टीत जाऊन पाजून येता येतं. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, तो वापरा, बंद असला तर कंट्रोलरकडे किल्ली मागा. रायगडाचा दरवाजा बंद झाला म्हणून लेकरासाठी कडा उतरून गेलेल्या गवळणीचं नाव आहे त्या खोलीला, तिथे कुलूप बघितलं की मला फार वाईट वाटतं.

अंग भरून आलं, गाठ झाली तर पाजणं किंवा काढणं थांबवायचं नाही, बर्फाच्या कापडाचा शेक द्यायचा, जोराने चोळायचं नाही. ताप आला, जागा लाल होऊन ठणकायला लागली तर लागलीच डॉक्टर. मऊ जुन्या सुती साडीच्या घड्या करून आत ठेव आणि पहिले काही आठवडे छापील, गडद कुर्ते घाल, एक जास्तीचा ड्रॉवरमध्ये. पहिल्या दिवशी रडू येईल, शिरोलीचा फाटा ओलांडताना तर नक्की येईल. येऊ दे. संध्याकाळी दूध कमी वाटलं, एखाद्या दिवशी ऑडिटर येऊन बसले आणि ब्रेक चुकला, तर त्या दिवशी दोन चमचे कमी, एवढंच. महिन्याभराने तुला वाटलं की दिवसाचं काढणं पुरे झालं, झोप नाही, जीव मेटाकुटीला आलाय, तर दिवसाचं हळूहळू कमी कर आणि रात्रीचं ठेव, त्यासाठी कुणाची परवानगी नको, माझीही नको.

सरांचं उत्तर आलं की मला कळव. खोली मिळाली तर जॉईन व्हायच्या आधी एकदा पोरीला घेऊन ऑफिसात जाऊन ये, सगळ्यांना बाळ दाखवायच्या निमित्ताने, आणि त्या दाराला आतून कडी आहे का, ते स्वतः बघून ये.